खिचडी खाल्ल्यानंतर

त्या बातमीतलं एकही वाक्य खोटं नव्हतं. हे मी पुढचे चार दिवस बायकोला सांगितलं, हॉटेलातल्या लोकांना सांगितलं, आंघोळ करता करता स्वतःलाही सांगितलं. सांगून सांगून तोंड दुखलं, पण माझं मलाच पटलं नाही.

आधी मी कोण ते सांगतो. आर्णीत तहसीलच्या रस्त्यावर माझं झेरॉक्सचं दुकान आहे आणि अठरा वर्षांपासून मी एका पेपरचा वार्ताहर आहे. वार्ताहर म्हटलं की शहरातल्या माणसाला काहीतरी मोठं वाटतं. आमच्याकडे वार्ताहर म्हणजे बातम्या पाठवणारा, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती गोळा करणारा आणि पेपर उशिरा आला तर शिव्या खाणारा, असे तिन्ही मिळून एकच माणूस. राहायला मी आर्णीपासून दिग्रसच्या अंगाला पाच-सहा किलोमीटरवरच्या गावात. घरचं वावर आहे, कापूस-तूर होते. गावात मला मान आहे, कारण कुणाचं नाव पेपरात यायचं तर ते माझ्या हातून येतं. हा मान मला आवडायचा. खोटं कशाला बोलू?

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले होते. कापसाची वेचणी जोरात होती, त्यामुळे दुपारी गावात म्हातारे आणि कुत्रे एवढेच. त्या गुरुवारी दोन-अडीचला फोन आला की शाळेतली पोरं ओकून राह्यली, गाडीत टाकून आर्णीला आणतात. आमच्या गावची शाळा जिल्हा परिषदेची, सातवीपर्यंत. मी शटर अर्धं ओढलं आणि ग्रामीण रुग्णालयात जाऊन उभा राहिलो. अकरा पोरं होती. कुणाला सलाईन लागत होतं, कुणी बादलीत तोंड घालून बसलं होतं. एक लहान पोरगी रडतही नव्हती, नुसती छताकडे बघत होती. डॉक्टरांनी हातानंच नंतर या म्हणून सांगितलं.

दारातच शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष भेटले. आमच्या गावचेच, चांगले वीस एकरवाले. म्हणाले, "खिचडी खाल्ली अन् पोट्टे ओकाले लागले. त्या बाईची चौकशी झाली पाह्यजे, भाऊ. हे लेहा." मी लिहून घेतलं. मग गाडी काढून गावात गेलो. शाळेत मुख्याध्यापक होते. त्यांनी सांगितलं, चौकशी होईल, मी आत्ता काही बोलणं बरोबर नाही. मी तेही लिहून घेतलं. मागच्या शेडमध्ये खिचडीचा गंज अर्धा भरलेला होता आणि त्याच्या बाजूला स्वयंपाक करणारी मावशी तोंडाला पदर लावून उभी होती. मी फोटो काढला. गंज आणि मावशी, दोन्ही एकाच चौकटीत बसले. फोटो छान आला, असं मनात आलंही.

मावशीला मी काही विचारलं नाही. आता मला कुणी म्हणेल, समोर उभी होती तर विचारायला काय तुमच्या जिभेला काटे टोचत होते? बरोबर आहे. पण आमच्या धंद्याची रीतच तशी. अध्यक्ष म्हणाले, मुख्याध्यापक म्हणाले, डॉक्टर म्हणाले. ज्याला पद त्याला तोंड. खिचडी शिजवणारी काय म्हणाली याला बातमीत जागाच नसते, त्यामुळे ते विचारायचं मनातही येत नाही. अठरा वर्षांत कधी आलं नव्हतं.

सहाच्या आत बातमी गेली पाहिजे, नाही तर पान सुटतं, म्हणजे छपाईला जातं. मी शाळेच्या ओट्यावर बसून मोबाईलवर अंगठ्यानं लिहिली. शालेय पोषण आहारातील खिचडी खाल्ल्यानंतर अकरा विद्यार्थ्यांना उलट्यांचा त्रास सुरू झाला. त्यांच्यावर ग्रामीण रुग्णालयात उपचार सुरू आहेत. पालकांमध्ये संतापाचे वातावरण असून, गावातील बौद्ध वस्तीत राहणाऱ्या स्वयंपाकी महिलेची चौकशी करावी, अशी मागणी अध्यक्षांनी केली आहे. पाठवली आणि घरी जाऊन चहा घेतला.

सातला डॉक्टरांचा फोन. एका पोराच्या खिशात चंद्रज्योतीच्या बिया सापडल्या. मग एकेकाला विचारलं तर अकराही जणांनी कबूल केलं, सुट्टीत शाळेमागच्या कुंपणाची फळं फोडून बिया खाल्ल्या. आमच्या भागात हे दर दोन-चार वर्षांनी कुठे ना कुठे होतं. त्या बिया काजूसारख्या लागतात म्हणतात, आणि खाल्ल्या की तासाभरात ओकारी. मला हे ठाऊक होतं. अशा बातम्या मीच दिल्या होत्या. शिवाय त्या दिवशी साऱ्या शाळेनं खिचडी खाल्ली होती आणि ओकली फक्त अकरा पोरं. एवढं साधं गणित मला गंजाजवळ उभं असताना सुचायला पाहिजे होतं. मी यवतमाळला पेपरच्या डेस्कवर फोन लावला. तिकडून उत्तर आलं, पान सुटलं, उद्या पाठपुरावा द्या.

सकाळी हॉटेलात गेलो तर पेपर आधीच उघडलेला. आमच्या गावात पेपर एक जण वाचतो आणि दहा जण ऐकतात. वाचणारे एक म्हातारे बाबा आहेत, आवाज खणखणीत. त्यांनी शीर्षक वाचलं, 'खिचडी खाल्ल्यानंतर अकरा विद्यार्थ्यांना उलट्या'. फोटो सगळ्यांना फिरवून दाखवला. फोटोखालची ओळ वाचली आणि पान उलटलं. बातमी कुणी वाचलीच नाही.

"पाल पडली असन गंजात," एक जण म्हणाला.

"पाल कायले, ध्यानच नसन बाईचं."

मी म्हटलं, "अहो, पोरायनं चंद्रज्योतीच्या बिया खाल्ल्या. डॉक्टरनं सांगतलं मले."

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंग पेपरात काहून नाई?"

"उद्या येणार आहे."

"उद्या येईन तं उद्या पाहू," बाबा म्हणाले आणि सोयाबीनचे भाव वाचायला लागले. मी अर्धा चहा तसाच ठेवून उठलो. आपणच लिहिलेल्या पेपरापुढे आपलं तोंड चालत नाही, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

पाठपुरावा मी मोठा लिहिला. डॉक्टरांनी स्पष्ट केले, असं लिहिलं. शनिवारी छापून आला तो आतल्या पानावर, ट्रॅक्टरच्या जाहिरातीखाली, चार बोटं उंचीचा. 'बिया खाल्ल्याने त्रास झाल्याचा डॉक्टरांचा अंदाज'. आता बोला. ज्या अध्यक्षाला काही ठाऊक नव्हतं त्याची मागणी पहिल्या पानावर, आणि ज्यानं पोरांची पोटं तपासली त्याचा झाला अंदाज. डेस्कवर मी तणतणलो, तर ते साहेब शांतपणे म्हणाले, "अहो, प्रयोगशाळेचा रिपोर्ट कुठं आलाय? जबाबदारीनं लिहावं लागतं." पहिल्या दिवशी ही जबाबदारी कुठे गेली होती, हे विचारायचं माझ्या ओठांवर आलं होतं. पण पहिल्या दिवसाची बातमी माझीच होती.

घरी बायको तूर निवडत बसली होती. दोन्ही पेपर मी तिच्यापुढे टाकले. म्हटलं, यात काय खोटं आहे ते तू दाखव. ती दहावी शिकलेली, पण तिला फसवणं सोपं नाही. तिनं दोन्ही बातम्या बोट ठेवून वाचल्या.

"खोटं कायीच नाई," ती म्हणाली. "पण मले एक सांगा, त्या दिवशी पोट्ट्याईनं पाणीबी पेलं असन न?"

"पेलं असेल."

"मंग पाणी पेल्यानंतर उलट्या झाल्या, असं काहून नाई लेहलं? कुंपणापाशी खेळल्यानंतर काहून नाई? सकाळी प्रार्थना म्हटल्यानंतरच तं झाल्या न उलट्या."

तिनं सुपातला खडा वेचून फेकला. "अन् मावशी कोणत्या वस्तीत राह्यते, हे कायले लेहलं? उलटीचा अन् वस्तीचा काय संबंध? अध्यक्ष कोठी राह्यतात थे तं नाई लेहलं."

माझं डोकं सणकलं. मी म्हटलं, तुला बातमीतलं काय कळतं, अठरा वर्षं मी काय झक मारतोय का? ती पुन्हा सुपावर वाकली. तिची ही पद्धत मला माहीत आहे. भांडण माझ्या अंगावर टाकून ती आरामात तूर निवडत बसते.

त्याच दुपारी मावशी दुकानात आली. गावातून चालत फाट्यापर्यंत आणि तिथून ऑटोनं आली होती. पन्नाशीची असेल. नवरा जाऊन बरीच वर्षं झालीत, घरी एक लेक, बारावीला. अकरा वर्षांपासून ती शाळेत खिचडी शिजवते. हातात रुग्णालयाचं कार्ड होतं, तिच्या शेजारच्या पोराचं. त्यावर डॉक्टरांनी बिया खाल्ल्याचं लिहून दिलं होतं. ते तिनं स्वतः रुग्णालयात जाऊन, दोन तास बसून मागून आणलं होतं. असा कागद मागून घ्यायचं मला सुचलंही नव्हतं.

"याच्या बारा झेरॉक्स काढा, भाऊ. सोमवारी मिटिंग हाये. समितीतल्या सगळ्याईले एकेक देतो म्हटलं."

मिटिंगचा विषय मला अध्यक्षांकडून आधीच कळला होता, स्वयंपाकी बदलण्याबाबत. शुक्रवारपासून अर्धी पोरं घरून डबे आणत होती. ज्या बाया वेचणीला जाताना भाकर बांधून न्यायच्या त्या आता पोरांसाठी वेगळी भाकर थापत होत्या, आणि तो राग मावशीवर निघत होता. नवीन बाई कोण ठेवायची, हेही कुणीतरी ठरवून ठेवलं होतं.

मशीन चालू होती. मावशी काउंटरला धरून उभी होती. म्हणाली, "लेकीनं वाचून दाखवली मले तुमची बातमी. दोनदा वाचाले लावली. त्याच्यात माह्यं नाव नाई."

"नाही, नाव टाकत नाही आम्ही. चौकशी व्हायची असली की."

"माह्यं नावच नाई तं सारे मलेच काहून पाहून राह्यले, भाऊ?"

ती भांडत नव्हती. खरंच विचारत होती, मी शिकलेला आहे, मला ठाऊक असेल म्हणून. मी मशीनचं झाकण उगाच उघडून बंद केलं.

"सोमवारी तुमी या मिटिंगले," ती म्हणाली. "तुमचं आयकतात. हे काम गेलं तं पोरीची बारावी कशी करू मी?"

येतो म्हटलं. ती गेल्यावर गिऱ्हाईक आलं तर त्याला दोनदा विचारलं किती कॉपी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर चोरही कुणी नव्हता. कुंपणाची झुडपं होती फक्त.

रविवारी मी कात्रणांची फाईल काढली. अठरा वर्षांच्या माझ्या बातम्या, डिंकानं चिकटवलेल्या. बायको म्हणते ते खरं नाही हे मला सिद्ध करायचं होतं, दुसरा काही पवित्र विचार नव्हता. दोन तासांनी मी फाईल पलंगाखाली ढकलून दिली. पाण्यासाठी आमच्या आळीतले लोक पंचायतीवर गेले, तेव्हा मी लिहिलं होतं, ग्रामस्थांनी व्यथा मांडली. त्याच उन्हाळ्यात वस्तीतल्या बाया गेल्या, तेव्हा लिहिलं, जमावाने गोंधळ घातला. मला ती दुपार आठवते. गोंधळ म्हणावा तर आमच्या आळीतल्यांनी जास्त घातला होता, एकानं तर खुर्ची फेकली होती. पारध्याचा पोरगा पकडला तर तो पारधी आहे हे पहिल्या ओळीत. आमच्यातला एक जण तारेची चोरी करताना सापडला, तर तो नुसता एक तरुण, आणि शेवटच्या ओळीत त्याच्या घरच्या अडचणी. त्याची आई मला भेटायला आली होती, म्हणून. हे सगळं लिहिताना माझ्या मनात कुणाबद्दल काही वाईट नव्हतं. शपथेवर सांगतो. पण मनात नव्हतं तर मग ते आलं कुठून, या विचारानं मला रविवारभर जेवण गेलं नाही.

सोमवारी मिटिंगच्या आधी मला एक गोष्ट सुचली आणि मी एकदम हलका झालो. शाळेत चव रजिस्टर असतं. पोरांना वाढायच्या आधी एका शिक्षकानं आणि एका पालकानं खिचडी चाखायची, चव कशी आहे ते लिहायचं आणि सही करायची, असा नियम आहे. म्हणजे गुरुवारी मुख्याध्यापकांनी तीच खिचडी खाल्ली असणार. त्यांना काही झालं नाही. झालं की मग! डॉक्टरांचा अंदाज असू द्या नाही तर आणखी काही, सर उभे राहून एवढंच म्हणाले की मी खाल्ली, तर विषय संपला. एवढं मला गुरुवारी का सुचलं नाही म्हणून मी स्वतःला शिव्या दिल्या, आणि दुपारी ऐटीत शाळेत गेलो.

पाचवीच्या वर्गात मिटिंग होती. अध्यक्ष, सात-आठ सभासद, मुख्याध्यापक. मावशी दाराजवळ जमिनीवर बसली होती. तिनं सगळ्यांना झेरॉक्स दिल्या होत्या. त्या कुणी घडी घालून खिशात ठेवल्या होत्या, एक जण वारा घेत होता. अध्यक्ष म्हणाले, "बिया खाल्ल्या असतीन, नाई म्हणत नाई मी. पण पालकांचा इश्वास उडाला. पेपरात आलं, जिल्ह्यानं वाचलं. आता बाई बदलली का सारं शांत होते."

मी उभा राहिलो. म्हटलं, "सर, चव रजिस्टर मागवा. गुरुवारी खिचडी तुम्ही चाखली होती न? तुम्हाला काही झालं का? एवढं सांगा सगळ्यांना."

मला वाटलं होतं सर लगेच हो म्हणतील. सर खिडकीकडे बघायला लागले. कुणीतरी कपाटातून रजिस्टर काढून टेबलावर ठेवलं. मी गुरुवारचं पान उघडलं. लिहिलं होतं, चव उत्तम. खाली सरांची सही. पालकाच्या रकान्यात अध्यक्षांची सही. मी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पुन्हा म्हटलं, "बोला न सर."

वारा घेणाऱ्याचा हात थांबला. अध्यक्ष नखं बघत होते. मी येड्यासारखा एकेकाच्या तोंडाकडे पाहतोय. अजून माझ्या ध्यानात आलं नव्हतं. खोलीतल्या सगळ्यांच्या आलं होतं.

मावशी बसल्या जागेवरूनच बोलली, "सर नाई चाखत, भाऊ. सही करतात."

सर म्हणाले, "मला पित्ताचा त्रास आहे. तिखट चालत नाही."

"अध्यक्षबी नाई चाखत," मावशी म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, तांदूळ संपले असं सांगावं तसं सांगत होती. "माह्या हातचं अकरा वर्सात लेकरंच खातात. मोठ्या माणसानं कोणीच नाई खाल्लं."

कोणीच नाही, त्यात मीही होतो. दर सव्वीस जानेवारीला मी शाळेत जातो, फोटो काढतो, आर्णीहून आणलेली जिलेबी खातो आणि मावशीनं मसालेभात पुढे केला की, आज उपवास आहे, असं म्हणतो. इतक्या वेळा म्हटलं की मलाच ते खरं वाटायचं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मला त्या वर्गातून उठून पळून जावंसं वाटलं.

पुढे सगळं पाच मिनिटांत झालं. बाईला खिचडीच्या कारणावरून काढलं तर वरून चौकशी लागणार, आणि चौकशीत पहिल्यांदा हे रजिस्टर मागणार. हे अध्यक्षांच्या डोक्यात आलं, सरांच्याही आलं. अध्यक्ष खाकरले. "डॉक्टरचा कागद हाये म्हटल्यावर बाईचा काय दोष? राहू द्या. विषय मिटवा." सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंपणाची झुडपं तोडायची, आणि बुधवारपासून रोज गावातल्या एकानं येऊन खरोखर खिचडी चाखायची, असं ठरलं. कोण येणार विचारलं तर पुन्हा सगळे नखं बघायला लागले. मी येतो म्हटलं.

बाहेर निघताना अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भाऊ, रजिस्टरचं नका टाकू पेपरात. टाकलं तं मंग मावशीचं कामही राह्यत नाई, एवढं ध्यानात ठेवा." हे त्यांनी अगदी मायेनं सांगितलं. मी हो म्हटलं. मावशीचं काम वाचलं म्हणून माझा जीव भांड्यात पडायला पाहिजे होता. पडला नाही. घरी जाऊन मी दहा ओळींची बातमी लिहिली आणि त्या दहा ओळींत मिटिंगमधलं एकच खरं वाक्य सोडून बाकी सगळं होतं. या वेळी मला लिहितानाच ठाऊक होतं, मी काय करतोय ते.

बुधवारी मी शाळेत गेलो. शेडमध्ये मावशी एकटीच होती. गंज चुलीवरून उतरवला होता. तिनं मला पाट दिला आणि ताटलीत खिचडी वाढली. वाढताना म्हणाली, "लेकीनं वाचली कालची. 'स्वयंपाकी महिलेला समितीचा दिलासा'. मी बोल्ली होती थे नाई त्याच्यात."

"तुमच्यासाठीच नाही टाकलं, मावशी."

"हव," ती म्हणाली, आणि गंजावर झाकण ठेवलं.

मी पहिला घास घेतला. खिचडी चांगली होती. मटकी मऊ शिजली होती, फोडणी बेताची. दुसरा घास घेतला, तिसरा घेतला, ताटली पुसून खाल्ली. मग रजिस्टर मांडीवर घेतलं. निदान या वहीत तरी खरं लिहायचं असं मी घरूनच ठरवून आलो होतो. त्या विचारानं मला बरं वाटत होतं, बऱ्याच दिवसांनी. चवीच्या रकान्यात मी लिहिलं, मीठ.

"काय लेहता?" मावशीनं विचारलं.

"काही नाही, मीठ जरासं कमी आहे. तेवढंच."

तिच्या हातातली पळी तशीच राहिली. ती माझ्याजवळ येऊन उकिडवी बसली आणि वहीकडे बघायला लागली. तिला ते वाचता येत नव्हतं, तरी बघत होती.

"भाऊ, असं नका लेहू."

"अहो, एवढ्यानं काय होतं?"

"तुमच्या घरी बाईच्या हातून मीठ कमी पडलं तं तुमी वरून मीठ घेता. माह्या हातून पडलं तं चौकशी लागते." तिचा आवाज कापत होता. मिटिंगमध्ये कापला नव्हता. "तुमच्या हातचं लेहलेलं लोक खरं धरतात. खोडूबी नका, खोडलेलं दिसते."

मला भयंकर लाज वाटली. मीठ हा शब्द लिहून झाला होता, आणि पेनाचं टोक त्याच्यापुढे टेकलेलं होतं. आमच्या मागे पोरं ताटल्या वाजवत रांगेत उभी राहात होती. वस्तीतली सगळी होती, बाकीच्यांपैकी चार-दोन. बाकीची ओट्यावर डबे मांडीवर घेऊन बसली होती आणि माझ्याकडे बघत होती.

मी पुढे लिहिलं, बरोबर. मीठ बरोबर. खाली सही केली.

"काय लेहलं?"

मी वाचून दाखवलं. मावशी उठली. डब्यातून मूठभर मीठ घेतलं, गंजात टाकलं, तळापासून ढवळलं. पळीच्या टोकावरचं तळहातावर घेऊन चाखलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घ्या. झालं तुमचं लेहलेलं खरं."